राजासाठी डिंकाचे लाडू

७ सप्टेंबर, शनिवार

आजपासून रोज लिहायचं. वही मैथिलीने दिली, तिच्या शाळेतली उरलेली, वर कांगारूचं चित्र आहे. खडकीच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आजी, रोज चार ओळी लिहा, विसरणं कमी होईल. चौथीपर्यंत शिकलेय, चार ओळींना काय घाबरायचं. आणि हे कोणी वाचणार नाही. सुजितला वेळ नाही, गिरिजाला माझं अक्षर लागत नाही, आणि नातीला मराठी वाचता येत नाही. दहा वर्षांची घोडी झाली, बोललेलं सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

ठरवलंय ते असं. रोज चालायला जायचं. चहात साखर बंद. रोज पाच इंग्रजी शब्द पाठ. सुनेच्या कामात तोंड घालायचं नाही.

मुलाचा संसार बघून डोळे निवले. किती टापटीप! फ्रिजमध्ये वरचा कप्पा सुजितचा, खालचा गिरिजाचा. दूधसुद्धा दोन वेगळ्या बाटल्यांत. सुजित झोपतो कॉम्प्युटरच्या खोलीत. घोरतो ना, वडिलांवर गेलाय. गिरिजाला हॉस्पिटलात नर्सची शिफ्ट असते, तिची झोप मोडू नये म्हणून. आमचे हे जन्मभर घोरले, पण कधी उठून दुसऱ्या खोलीत गेले नाहीत. अर्थात दुसरी खोली नव्हतीच.

हॉलमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत, दोघांच्या लग्नाचा तेवढा नाही. खिळा आहे, खाली चौकोनी पांढरा डाग आहे. काच बदलायला दिला असेल.

साखर उद्यापासून बंद.

१० सप्टेंबर, मंगळवार, दुपारी

चालायला गेले. कोपऱ्यापर्यंत. तिथं अंजू भेटली, पलीकडच्या घरातली. कानपूरची आहे. माझ्याहून मोठी, पण केस रंगवते आणि मलाच दीदी म्हणते. ती हिंदीत बोलते, मी मराठीत, उत्तम चालतं.

तिने बातमी दिली. राजा येतोय! मी म्हटलं, ऑस्ट्रेलियात कुठला राजा? अंजू म्हणाली, अरे दीदी, रहता विलायत में है, पर राजा इनका भी वही है. म्हणजे कामं इथं आणि मालक तिकडे. सुजितच्या कंपनीसारखंच. तर तो राजा आपल्या बाजूच्या लोकांना भेटायला येणार, मोठ्या बागेत. हजारो लोक जमणार, हा कठड्याकठड्याने चालत जाणार, हात मिळवणार, कुठून आलात, घरचे बरे आहेत ना, असं विचारणार. सीनियर लोकांची बस निघणार आहे. नाम लिखवा दूँ, म्हणाली. मी म्हटलं, बघते. एकदम हो म्हटलं की किंमत राहत नाही.

राजाचं काम सोपं नाही. एवढ्या लांबून येऊन प्रत्येकाला विचारायचं, बरं आहे ना. मला इथं येऊन आठवडा होत आला, मला अजून कोणी विचारलं नाही. पण घरचे विचारत नसतात. घरच्यांनी धरून चालायचं असतं.

शब्द झाले: गुड, मॉर्निंग, बिन. बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. उरलेले दोन उद्या.

१४ सप्टेंबर, शनिवार

घरात रंगारी आलेत. बाहेर एक माणूस झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरतोय, अगदी गालिचा घातल्यासारखा. गॅरेजचं दार घासून पुसून चकचकीत.

लसूण सोलत मैथिलीला विचारलं, काय गं, घरात गणपती बसवले नाहीत, लग्नकार्य नाही, हा रंग कशासाठी? ती टॅबलेटवर बोट फिरवत होती. वर न बघता म्हणाली, द किंग इज कमिंग, आजी.

मी म्हटलं, तो बागेत येणार आहे ना? इथं कुठं?

हिअर, म्हणाली. अवर हाउस.

माझ्या हातातली सुरी खाली पडली. तेव्हा तिने वर बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचंच तोंड कसंतरी झालं. म्हणाली, इट्स अ सीक्रेट. डोन्ट टेल मम अँड डॅड यू नो. प्रॉमिस, आजी. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आता सगळं जुळलं. आपल्याकडे पुढारी नाही का, निवडणूक आली की एखाद्या साध्या घरात जाऊन भाकरी खातात, तसंच हे. मग घर कुठलं निवडतील? नवराबायको दोघं नोकरी करणारी, एक गुणी मुलगी, स्वच्छ फ्रिज. एक आजी कमी होती, ती पण आली. मला एवढी घाईघाईने तिकीट काढून का बोलावलं तेही कळलं. सुजित फोनवर म्हणाला होता, आई, तू ये, मैथिलीजवळ कोणीतरी पाहिजे. बिचारा फोनवर उघड कसं सांगणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

राजाचा माणूस येऊन गेला! नाव ब्रेट. निळा कोट, टोकदार बूट, कानात पांढरं यंत्र. सुजितशी गॅरेजात बोलला, मग गिरिजाशी स्वयंपाकघरात. दोघांशी वेगवेगळं. जबाब जुळतात का बघत असणार. जुळले असावेत, कारण जाताना मला हाऊ आर यू, माय डार्लिंग म्हणाला. मी म्हटलं, गुड मॉर्निंग. तेव्हा चार वाजले होते.

त्याच्या सूचना फार. भिंतीवरचे सगळे फोटो काढायचे. ओट्यावर काही दिसता कामा नये. माझा मिक्सर गॅरेजात गेला. देव कपाटात गेले. तिथं मात्र माझा जीव तुटला, पण देवांना म्हटलं, थोडे दिवस कळ काढा, तुमच्याहून मोठा नाही तो, पण पाहुणा आहे. आणि शनिवारी घरात फोडणी द्यायची नाही. हिंगाचा वास त्याला सोसत नसेल.

लग्नाचा फोटो गिरिजाने मी यायच्या आधीच उतरवून ठेवला होता. किती पुढचा विचार करते पोरगी.

दारात मोठी पाटी लावली, त्यावर आपल्याच घराचा रंगीत फोटो. वर दिवासुद्धा आहे. मैथिलीला विचारलं, काय लिहिलंय? ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, वेलकम.

नेत्र सुखावले. चहा गोड केला आज.

२४ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी

सुजित मागच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, आई, तुला काहीतरी सांगायचंय.

मी म्हटलं, सांगू नकोस. मला कळलंय.

मग म्हणाला, मैथिलीने सांगितलं? मी शपथेला जागले. म्हटलं, कोणी सांगायला कशाला पाहिजे, मला डोळे नाहीत? रंग दिसतो, पाटी दिसते, तो ब्रेट दिसतो.

म्हणाला, तुला राग नाही आला? मी म्हटलं, राग कसला रे बाळा. हे सगळं शेवटपर्यंत नीट पार पडलं म्हणजे झालं. लोकांनी नावं ठेवायला नको.

माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा बाप्या. आनंद झाला की माणूस रडतंच. त्याच्या डोक्यावर मागे थोडं टक्कल पडलंय, ते मला आजच दिसलं. तिथं तेल चोळलं.

मग म्हणाला, नंतर मैथिली गिरिजाबरोबर वॉलॉंगॉंगला... मी म्हटलं, नंतरचं नंतर. आधी लाडवांचं बघू. हॅरिस पार्कच्या देशी दुकानांत डिंक मिळतो का?

म्हणाला, कसले लाडू?

मी म्हटलं, पाहुण्यांना नको का काही?

हसला. डोळे पुसत हसला. म्हणाला, आणतो, आई.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज तपासणीची माणसं आली. ब्रेटने पहिल्यांदा रस्त्यावर झेंडे लावले. मग एकेक जण येऊ लागला, गोरे, चिनी, सरदारजी, सगळ्या जातींचे. राजा सगळ्यांचा, म्हणून माणसंही सगळ्यांतली निवडलेली. कपाटं उघडून बघितली, नळ सोडून बघितले, एकाने भिंतीवर टकटक केली. संडासात डोकावले. मी म्हटलं, डोकाव बाबा, कधीतरी राजालाही लागेल.

सुजित एका गाडीतून बाहेर गेला, गिरिजा मैथिलीला घेऊन दुसऱ्या. ब्रेटने मलाही जायला सांगितलं होतं. मी नाही गेले. घरातलं मोठं माणूस मीच, पाहुण्यांना ओसाड घर दाखवायचं का? दारात खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाला म्हटलं, वेलकम टू अवर होम. मैथिलीकडून पाठ करून घेतलंय. अवरपाशी अडखळते. सगळ्यांना चिवडा दिला. आधी ब्रेट घामाघूम झाला, मग त्यानेही दोनदा घेतला.

शब्द झाले: वेलकम, टू, अवर, होम. चारच, पण एका दमात.

२ ऑक्टोबर, बुधवार

लाडू झाले. राजाचं वय झालंय, दिवसभर उभं राहून लोकांशी हात मिळवायचे, गुडघे जात असणार. डिंक, खारीक, खोबरं, गूळ. साखर घातली नाही. या वयात साखर वाईट.

निरांजनाची तालीम केली. तबक, सुपारी, अक्षता, तुपाची वात. वात पेटवली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं किंचाळलं की अंजू पदर खोचून धावत आली. सुजितने स्टुलावर चढून ते बंद केलं, गिरिजाने स्टूल धरलं. मला फार बरं वाटलं ते बघून. मी यायच्या आधीपासून दोघं एका स्टुलाशी आलेली नसतील.

हे शेवटचं वाक्य कशाला लिहिलं मी. तूप सांडलंय, ते पुसायचंय.

अंजूने परत विचारलं, बागेत येणार ना, सीट ठेवलीय. मी म्हटलं, तू जा, मला घरी काम आहे. तिला शपथेमुळे सांगता येईना, पण फुगून फुगून माझं पोट दुखायला लागलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज परत माणसं. त्यात एक मराठी जोडपं! हे दुभाषी असणार, मला इंग्रजी येत नाही ते ब्रेटने वर कळवलं असेल. तो प्रज्ञेश, नागपूरकडचा, इथं इंजिनियर. ती ऐश्वर्या, सातवा महिना असावा, चालीवरून. मी खुर्ची दिली, चिवडा दिला, तिला वेगळा बिनमिरचीचा.

किती गोड मुलं. सगळं विचारून घेतलं. सकाळचं ऊन कुठून येतं? शेजार कसा आहे? मी अंजूबद्दल सगळं सांगितलं, चांगलं तेवढं. मग ऐश्वर्या माझा हात धरून म्हणाली, आजी, एक खरं सांगा हं, या घरात सगळे सुखी होते ना?

होते म्हणाली. बाहेर राहून पोरांचं मराठी बिघडतं.

मी म्हटलं, बाळा, असं घर शोधून सापडायचं नाही. भांडणाचा आवाज म्हणून नाही. माझा मुलगा आणि सून, मी आल्यापासून एकमेकांना एक वावगा शब्द बोललेले ऐकले नाहीत. तो हिच्या झोपेला जपतो, ही त्याच्या कप्प्यातलं काही हलवत नाही. मुलगी अभ्यासात पहिली. लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे. या वास्तूतच काहीतरी आहे.

ऐश्वर्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली.

मागे वळले तर गिरिजा. लवकर परत आली होती. मोरीशी, आमच्याकडे पाठ करून उभी, नळ चालू, हातात भांडं काहीच नाही. मी म्हटलं, अगं, पाणी वाया जातंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

झेंडूचं तोरण लावलं. ब्रेट म्हणाला, लव्हली. तपासणीची माणसं आज कमी होती. दुभाषी जोडपं तिसऱ्यांदा आलं. टेप लावून खोल्या मोजल्या, मैथिलीच्या खोलीत पाळणा कुठं बसेल तेही बघितलं. राणी बरोबर नातवंड आणणार वाटतं.

इथं आपट्याची पानं मिळत नाहीत. मागच्या निलगिरीची पानं तोडली आणि म्हटलं, घ्या सोनं. सुजितने माझ्याकडून घेतलं, पाया पडला. गिरिजाने घेतलं, पाया पडली. मग दोघं हातात पान धरून उभी राहिली, हा सोफ्याच्या अलीकडे, ती पलीकडे. तेव्हा मैथिलीने आईच्या हातातलं पान घेतलं आणि नेऊन बापाच्या हातात दिलं. त्याच्या हातातलं आणून आईच्या हातात. फार उत्साही पोर आहे.

नंतर बाथरूमचं दार लावून बसली. पोट बिघडलं असेल. श्रीखंड विकतचं होतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या! ब्रेट सांगून गेला, उद्या अकराला, घरासमोरच. उद्याच बागेतलाही कार्यक्रम आहे. म्हणजे आधी आपल्याकडे, मग बागेत. बरोबर, आधी घरचं, मग सार्वजनिक.

सुजितने सांगितलं, आई, उद्या तू अंजू आंटीबरोबर बसने जा, इथं तुला त्रास होईल. मी म्हटलं, मी माझ्या घरात राहणार. गिरिजा म्हणाली, आई, नका ना थांबू, प्लीज. तिचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. मी हो म्हटलं. जाणार नाही.

पैठणी काढून ठेवली, सुजितच्या लग्नातली. मैथिली माझ्या कुशीत येऊन झोपते रोज, आज पाठ करून झोपली. म्हणाली, आजी, व्हॉट इफ ही डझन्ट कम? मी म्हटलं, एवढा रंग लावलाय, येईल कसा नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

बससाठी निघाले, अंजूच्या फाटकापर्यंत गेले, गुडघा दुखतो म्हणून परत फिरले. आता माझ्या खोलीत बसलेय. तबक तयार. लाडवांचा डबा तयार. बाहेर माणसं जमायला लागलीत. हार करायचा राहिला.

त्याच दिवशी, दुपारी

काही लिहायचं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले होते रोज लिहा. लिहिते.

परवा बाहेर गर्दी झाली. लोक हाताची घडी घालून रस्त्यावर उभे. ब्रेट पायरीवर उभा राहून खणखणीत आवाजात काहीतरी ललकारत होता, मध्येच कोणी हात वर करायचं, की हा आणखी जोरात. मी म्हटलं, भालदार. राजा वळणावर आला असणार. मी वात पेटवली. पदर नीट केला. मग ब्रेटने कागदाची सुरळी हातावर आपटली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीच वेळ. मी दार उघडून तबक घेऊन बाहेर आले.

सगळे वळून बघायला लागले. वाट झाली आपोआप. वाटेच्या टोकाला प्रज्ञेश आणि ऐश्वर्या. ती रडत होती, तो तिला धरून हसत होता. मी त्यांच्या मागे बघितलं. मागे अंजूचा कचऱ्याचा डबा.

मी म्हटलं, राजा कुठंय?

ऐश्वर्याने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. म्हणाली, आज हाच राजा, आजी! घर आम्हाला मिळालं! आमच्या मनात दुसरं होतं, स्टेशनजवळचं. पण तुम्ही म्हणालात ना, सुखी घर आहे. तुमच्यामुळे घेतलं.

मी सुजितला शोधलं. तो गॅरेजच्या दाराशी. गिरिजा पत्रपेटीशी. दोघांच्या मधे अख्खं हिरवंगार अंगण. मैथिली खिडकीत, काचेला नाक लावून.

निरांजन पेटलेलं. वारा सुटला होता. पेटवलेलं निरांजन फुंकर मारून विझवायचं नसतं, कोणालातरी ओवाळायलाच लागतं. मी कुंकवाला हात घातला तर ऐश्वर्या हळूच म्हणाली, आजी, आमच्यात कुंकू नसतं. प्रज्ञेश म्हणाला, आम्ही मेणबत्ती लावतो आजी, पण दिवा तो दिवाच. ओवाळा तुम्ही. मग ओवाळलं. दोघांना जोडीने. हात जरा जास्तच वेळ फिरत राहिला. शेवटी गिरिजाने येऊन माझं मनगट धरलं आणि तबक खाली घेतलं. आई, चला आत, म्हणाली.

लाडवांचा डबा ऐश्वर्याला दिला. डिंकाचे आहेत, बाळंतपणानंतर खा म्हटलं. तशी ती चीजच बाळंतिणीची. राजाला गरम पडले असते.

संध्याकाळी अंजू आली. पायांना फोड. दिवसभर उन्हात उभी होती. म्हणाली, दीदी, टोपी दिखी! नुसती टोपी, तीही लांबून, पण काय खूश. एका बाईला त्याने विचारलं म्हणे, घरचे कसे आहेत. ती बाई रडायलाच लागली. अंजूने विचारलं, आपके यहाँ इतनी भीड़ क्यों थी?

मी म्हटलं, पाहुणे आले होते. घरचे कसे आहेत विचारायला.

३ नोव्हेंबर, रविवार

पाटीवर लाल पट्टी चिकटवलीय. मैथिलीला विचारलं नाही काय लिहिलंय.

सुजित हॅरिस पार्कला फ्लॅट घेतोय, भाड्याने. गिरिजाला वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात जागा मिळालीय, मैथिली तिच्याबरोबर जाणार, सुट्टीत ट्रेनने बापाकडे. सुजितने सगळं नीट सांगितलं. म्हणाला, आई, तू तर म्हणालीस तुला कळलंय. मी म्हटलं, हो, कळलं होतं. तू नीट सांगितलंस म्हणून आणखी कळलं.

मी म्हटलं, मी थांबते की तुझ्याजवळ फ्लॅटवर. व्हिसा आहे अजून. तो म्हणाला, एकच खोली आहे, आई. मी म्हटलं, आमच्याकडेही एकच होती. तिकीट बदललंय. ठीक आहे. तिकडे माझी पण कामं पडलीत.

त्याच्या बॅगेत पोळीचं लाटणं घातलं. लाटणार कोण, देव जाणे.

२४ नोव्हेंबर, रविवार, दुपारी

भांडी वाटून झाली. वरचा कप्पा, खालचा कप्पा, तसंच. लग्नाचा फोटो गॅरेजात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. तो कोणाच्याच खोक्यात जाईना. याच्या ढिगातून तिच्या, तिच्यातून याच्या. मी माझ्या बॅगेत घातला, साड्यांच्या मधे. वजनाला बसेल.

गिरिजाने माझ्या गोळ्या डब्यांत भरल्या. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून सकाळच्या डब्यावर सूर्य काढला, रात्रीच्या डब्यावर चंद्र. बसून, जीभ बाहेर काढून, मन लावून काढला. म्हणाली, आई, संपायच्या आधी मला फोटो पाठवा, मी सांगेन कुठल्या आणायच्या. माझ्यात आणि तिच्यात आता काय नातं म्हणायचं, मला ठाऊक नाही. विहीण म्हणावी तर तसं नाही. सून म्हणायची सवय आहे, तेच चालू ठेवते.

मैथिली मागच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. बराच वेळ निलगिरीचं पान फाडत होती. मग म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, आजी, मी खोटं सांगितलं. किंगचं. मम-डॅडने घरचं सांगू नको म्हणून सांगितलं होतं. आणि तू विचारलंस. आणि तू एवढी हॅपी झालीस की मला मग सांगता नाही आलं.

मी म्हटलं, वेडी. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

रिअली?

म्हटलं, अगं, राजा काय चिवडा खायला आपल्या या क्वेकर्स हिलला येतो? मी तुझी गंमत करत होते.

माझ्या तोंडाकडे नीट बघितलं तिने. मग हसली. मग माझ्या पैठणीच्या ब्लाउजात नाक खुपसून रडली. आज पैठणीच घातली होती, इस्त्री केलेली फुकट जायला नको म्हणून.

८ डिसेंबर, रविवार. खडकी

पोचले. विमानात चहा मिळाला, साखर वेगळी देतात, पुडीत. दोन घातल्या.

उद्यापासून चालायला जायचं.

वहीचं शेवटचं पान आहे म्हणून लिहून ठेवते. मैथिलीला म्हटलं ते खोटं. राजाचं मला खरंच वाटलं होतं, शेवटच्या टाळीपर्यंत. दुसरं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, गिरिजाच्या खोलीत चादर बदलायला गेले होते तेव्हा. मोठा डबल पलंग आणि मधोमध एकच उशी. कडेला नव्हती, मधोमध होती. तेव्हा लिहिलं नाही, वही नवी होती.

शेजारच्यांकडून किल्ली घेतली. कुलूप गंजलं होतं, निघेना, खोबरेल सोडलं. दार उघडलं तर आत अंधार, बंद घराचा वास. दारातच उभी होते, हातात बॅग. तोंडातून आपोआप निघालं, वेलकम टू अवर होम.

अवरपाशी अडखळले नाही. मैथिलीने शिकवलं होतं, अगदी तस्सं आलं.